अक्का बदलायला हवी

आदरणीय (हे मोठ्याने) आणि लाडक्या (हे दबक्या आवाजात, कारण लाड केलेले तुला खपत नाहीत) आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे अक्षरशः वाकून, कारण गेले चार महिने आमच्या घरात जो तो वाकलेलाच असतो. जेवणाच्या टेबलावर बाबांच्या मोटरसायकलचा गिअरबॉक्स उघडून ठेवला आहे आणि त्यातले बेअरिंगचे छर्रे एकेक करून टेबलाखाली पसार होतात. परवा एक तांदळाच्या डब्यात सापडला. तो तिथे कसा गेला हे कोणी विचारायचं नाही, असं आईने जाहीर केलं आहे. आम्ही चार महिने ओट्याशी उभं राहून जेवतो.

तुझी तब्येत कशी आहे? डोळ्याच्या ऑपरेशननंतर अक्षरं ठळक दिसतात असं तू कळवलंस, ते वाचून आनंद झाला आणि थोडी धडकीही भरली. आधीच्या अंधुक डोळ्याने तू माझ्या मागच्या पत्रात सतरा चुका काढल्या होत्यास. ते पत्र लाल शाईने सुधारून, नीट घडी घालून परत आलं, मिळालं, आभारी आहे. ‘आशीर्वाद’ मी आयुष्यात एकदाही पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलेला नाही, या वेळी शब्दकोश उघडून लिहिला आहे. छापखान्यात एकोणचाळीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला पत्र लिहिणं म्हणजे परीक्षेला बसणंच, पण तुझी लाल शाई आली नाही तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. आणि गुडघे? फोनवर तू दर वेळी एकच सांगतेस, की फार कुरकुरतात, म्हातारे झाले, आता बदलायलाच हवेत. (गुडघ्यांची चौकशी उगाच करत नाही. तू सात वर्षांत आमच्याकडे आली नाहीस त्याचं अधिकृत कारण तुझे गुडघे हेच आहे, त्यामुळे आमच्या घरात त्यांची विचारपूस रोज होते.)

आता मुद्द्याचं. हे पत्र आभाराचं आहे. यात मागणं काहीही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू निर्धास्त वाचशील.

बाबांचा हात आता कापतो. फार नाही, कपातला चहा बशीत येतो एवढाच, पण डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. आम्हाला वाटलं होतं बाबा घर डोक्यावर घेतील. ते लगेच बरं म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं की पाणी कुठेतरी मुरतंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी अट सांगितली. गाडी मी चालवायची, ते मागे बसणार, आणि पहिली फेरी अक्काकडे. (अक्का म्हणजे तू. हे पत्र तू शेजारच्या काकूंना वाचून दाखवतेस म्हणून खुलासा करते. मी तुला आत्या म्हणते, बाबा अक्का म्हणतात, आणि काकू, तुम्हालाही नमस्कार.) मी म्हटलं, बसने जाऊ, तीन तासांचा तर रस्ता आहे. ते म्हणाले, अक्काकडे मी कधी बसने गेलेलो नाही. आणि हे खरंच आहे. पण तू यायची थांबलीस आणि नेमक्या त्याच वर्षी गाडीनेही मान टाकली. तेव्हापासून तुम्हा दोघांचं जे काही आहे ते फोनवर, आणि ते मला पाठ आहे. जेवलास का, हो, तू, हो, बरं ठेवते. गिअरबॉक्स झाला की अक्काकडे जायचं, हे वाक्य मी सात वर्षं ऐकते आहे. मग मीच एक दिवस पाना हातात घेतला.

इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी. बाबांनी गाडीच्या चारही गिअरना घरातल्या माणसांची नावं दिली आहेत. पहिला आजोबा, कारण जोर भरपूर पण पुढे सरकायची घाई नाही. दुसरा आई, म्हणजे माझी आई, कारण सगळा संसार ओढते पण आवाज करून ओढते. (यावर खूश व्हावं की रुसावं हे तिचं पस्तीस वर्षांत ठरलेलं नाही.) चौथा साहेब (हा एकटाच घराबाहेरचा, बाबांच्या कचेरीतला), कारण सपाट रस्त्यावर तोऱ्यात चालतो आणि चढ दिसला की त्याला घाम फुटतो. आणि तिसरा अक्का. का, ते पुढे येईल. रागावू नकोस, कागद खाली ठेवू नकोस.

तर बिघाड होता अक्कात. म्हणजे तिसऱ्यात. त्याच्या चाकाला दोन प्रकारचे दात असतात. कडेला बारीक एकवीस, आणि पोटावर जाड चार. शेजारच्या चाकाला घट्ट धरून ठेवायचं काम या जाड दातांचं. ते झिजून गोल झाले की पकड सुटते, मग भर चढावर गिअर आपोआप सटकतो, इंजिन बोंबलतं आणि गाडी जागच्या जागी. हे मला सांगितलं होईलकाकांनी. हे आमच्या गल्लीतले जुने मेकॅनिक. गॅरेज कधीच बंद केलं, आता दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांना काहीही विचारा, ते होईल म्हणतात, म्हणून हे नाव. त्यांनी स्वतः हात लावला नाही, सगळं माझ्याकडून करून घेतलं. जे काढशील ते वर्तमानपत्रावर त्याच क्रमाने मांड, आणि बसवताना उलटं ये, एवढा एकच मंत्र. माझी नखं काळी झाली, पण आत्या, एकेचाळिसाव्या वर्षी नवीन काहीतरी शिकताना जी मजा येते तिचे आभार कुणाचे मानायचे ते मला माहीत आहे. तिसऱ्याचं चाक मात्र त्यांनी उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, हे नाही होणार. होईलकाका नाही म्हणाले. बाबा शेजारीच उभे होते, ते आत जाऊन बसले.

मग सुरू झाली वणवण. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी सात दुकानं एका ओळीत असलेली एक गल्ली आहे. पहिल्या सहांत मी रीतसर विचारलं, अमुक गाडी, अमुक साल, तिसऱ्याचं चाक, एकवीस दात. सहा जणांनी सहा प्रकारे नाही सांगितलं. (एकजण म्हणाला, ती कंपनी बंद पडल्यावर माझं लग्न झालं, आता मला नातू आहे.) सातव्या दुकानात पोचेपर्यंत मी इतकी दमले होते की तोंडातून घरातलाच शब्द गेला. गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, अक्का आहे का? तो म्हणाला, जेवायला गेलीये, तीनला या. आत्या, बाबांची भाषा सगळ्या धंद्यात चालते असं वाटून मला भरून आलं. मी विचारलं, नवी आहे की वापरलेली? त्याने गल्ला ओढून बंद केला. मी म्हटलं, वापरलेली असली तरी चालेल, दात शाबूत आहेत ना? तो म्हणाला, पुढचे दोन पडलेत, पण तुम्हाला काय करायचंय?

तीन वाजता दुकानाची अक्का आली. ती त्याची थोरली बहीण, आणि दुकान खरं तिचंच. भावाने तोवर तिला काय सांगितलं होतं कोण जाणे, ती कमरेवर हात ठेवून उभी होती. मी सगळा उलगडा केला तशी ती इतकी हसली की पडलेले दोन्ही दात मला स्वच्छ दिसले. मग तिने मला तेलाच्या डब्यावर बसवलं, चहा दिला आणि स्वतः शिडीवर चढून चार फळ्या उपसल्या. चाक निघालं नाही. एकतीस वर्षं झाली ते बनणं बंद होऊन. पण कुणी आपल्यासाठी शिडीवर चढतं तेव्हा रिकाम्या हाताने आलेला माणूसही तसा रिकामा राहत नाही. मी तिला दोन दात करून द्यायचं कबूल केलं. (काकू, मी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. माप डॉक्टर घेतात, दात मी करते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं मात्र दात कोरूनच भरतं.)

आणि या दात करण्यातूनच मला युक्ती सुचली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लेथवाले आहेत, ते नमुना पाहून हुबेहूब चाक कापतात अशी त्यांची कीर्ती. पण बाबा मूळ चाक घराबाहेर न्यायला तयार होईनात. अक्का घराबाहेर जाणार नाही, म्हणजे नाही. मग मी आमच्या प्रयोगशाळेतला माप घ्यायचा गुलाबी लगदा घरी आणला, त्यात अक्काला दाबून बसवलं, आणि साच्यात प्लॅस्टर ओतून अशी प्रतिकृती काढली की बाबांनी तिच्यावर बोट फिरवून झीजसुद्धा ओळखली. झिजलेल्या जागा मेणाने भरून काढल्या, कारण झिजलेले दात मूळचे कसे असतील याचा अंदाज बांधणं हाच माझा धंदा. पांढऱ्या डबीत घातली, वर चिठ्ठी लावली: ‘अक्का, २१ दात, घाई आहे.’ टेबलावर तशीच दुसरी डबी होती, एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. तिच्यावर: ‘बाई, वरची, १४ दात, घाई आहे.’ पुढे काय झालं ते तू ओळखलं असशील. चिठ्ठ्या योग्य होत्या, फक्त घाईत एकमेकींच्या डबीला लागल्या.

संध्याकाळी लेथवाल्यांचा फोन आला. अत्यंत सभ्य माणूस. म्हणाले, ताई, मी तीनदा मोजले, चौदाच भरतात, आणि दुसरं म्हणजे चाक अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पाठवताय का? तिकडे दवाखान्यात डॉक्टरांनी बाईंच्या समोरच डबी उघडली होती. बाईंचे दात गेल्यापासून त्या तोंडावर हात ठेवूनच बोलायच्या आणि फारसं बोलायच्याही नाहीत. त्यांनी एकवीस दातांचं ते गोल चाक हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, मी चौतीस वर्षं मुलांना चावत असे अशी ख्याती होती खरी, पण एवढे दात नको हो. आणि हात खाली घेऊन खदाखदा हसल्या. डॉक्टरांनी मला झापायला फोन केला आणि झापता झापता तेही हसायला लागले. बाईंनी तक्रार केली असती तर माझं काम गेलं असतं, आत्या. त्यांनी उलट निरोप पाठवला की गाडी सुरू झाली की कळव. मी त्यांची कवळी दोनदा जास्त घासून गुळगुळीत करून दिली.

लेथवाल्यांनी आठ दिवसांत चाक केलं. काय चाक होतं! आईसुद्धा म्हणाली की हे टेबलावर शोभेल. (टेबलाबद्दल चार महिन्यांत तिने काढलेला हा पहिला बरा शब्द.) होईलकाकांनी खुर्ची आमच्या अंगणात आणून टाकली, मी उलट्या क्रमाने सगळं बसवलं, तेल भरलं, किक मारली. बाबा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. मागे बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर तो हात कापत नव्हता. पहिला, दुसरा, तिसरा. आजोबा, आई, अक्का. कोपऱ्यापर्यंत लोण्यासारखी गेली गाडी. कोपऱ्यावर तो छोटा चढ आहे ना, पिठाच्या गिरणीकडे जाणारा, तिथे खट्ट झालं आणि गिअर सटकला. गाडी ढकलत घरी आणली. उघडून पाहिलं तर नव्या चाकाचे चारही जाड दात चेपलेले. लेथवाले स्वतः आले, चष्मा काढून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ताई, आकार माझ्या हातात आहे, पोलाद नाही. ते कारखान्याच्या भट्टीत मुरलेलं असतं. थोडक्यात, दाखवायचे दात झाले, खायचे नाही झाले. एवढा खरं बोलणारा कारागीर भेटला याचेही आभारच मानायचे, पण त्या दिवशी मानता आले नाहीत. बाबांनी शर्ट बदलला, गाडीवर कापड घातलं, चारही कोपरे नीट ओढले आणि मला म्हणाले, राहू दे आता. अक्काला सांग, गुडघ्यांना जप. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या अक्काला नवे दात बसले. ते कसे बसलेत हे बघायला गेले, तर तिने आधी ते सगळ्या गल्लीला दाखवले, मग मला तेलाच्या त्याच डब्यावर बसवलं. चेपलेल्या चाकाची गोष्ट ऐकून ती विचारात पडली. म्हणाली, कारखाना बंद झाला तेव्हा शेवटची एक पेटी या दुकानात आली होती, मी तेव्हा नवीनच बसायला लागले होते. ज्यांचा गाडीवर जीव होता ते लोक येऊन एकेक चाक जास्तीचं घेऊन गेले. तुझे वडील तसले दिसतात. त्यांनी नेलं असणार. घरात शोध. मी घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, आणलं असेन, आठवत नाही. मग मी घर पालथं घातलं. माळा झाला, पेट्या झाल्या, शिवणयंत्राचा खण झाला. आईने शपथेवर सांगितलं की भंगारवाल्याला दिलेलं नाही, आणि मग थोडं थांबून, की दिलं असलं तर तिला आठवत नाही. चाक सापडलं नाही. बाबांची एक जुनी वही तेवढी सापडली.

असो. वर म्हटलं तसं हे पत्र आभाराचं आहे, आणि ज्यांचे मानायचे त्यांच्यात तू शेवटी आलीस कारण तुझ्यासाठी जागा जास्त लागते. आजी-आजोबा एकाच वर्षात गेले तेव्हा तू एकोणीसची आणि बाबा अकराचे. तू कॉलेज सोडून छापखान्यात लागलीस, बाबांना शिकवलंस, त्यांचं लग्न लावलंस, आणि मी झाले तेव्हा माझ्या नावातली वेलांटी दीर्घ आहे हे नोंदणी कारकुनाला दोनदा बजावलंस. हे सगळं घरात सगळ्यांना माहीत आहे आणि तुला कुणी कधी सांगितलेलं नाही. आपल्याकडे आभार मानले की परकं वाटतं म्हणतात. वाटू दे. मी मानते.

काकूंना नमस्कार सांगितलाच आहे. आईने विचारलं आहे की टेबल मोकळं करायचा तुला काही उपाय ठाऊक आहे का.

चुका करण्यात सातत्य राखून असलेली,
तुझी भाची

ता. क. आईच्या प्रश्नावरून आठवलं. (ही थाप आहे, सगळं पत्र याचसाठी लिहिलं.) तुझ्या ओट्यावर, शेगडीच्या डाव्या हाताला, ज्या काळ्या गोल लोखंडी वस्तूवर तू दुधाचं गरम पातेलं ठेवतेस, ती जरा हातात घेशील का? तिच्या कडेचे दात मोजशील? एकवीस भरले आणि पोटावर चार जाड असले, तर आत्या, तीच आहे. बाबांच्या वहीत एक ओळ आहे: ‘नवी अक्का अक्काकडे ठेवली.’ आई म्हणाली, बघ, यांचं तेव्हापासूनच बिघडलं होतं. मी तीनदा वाचली. मग बाबांना वाचून दाखवली आणि ते कपाळावर हात मारून म्हणाले, अगं, तेलाच्या कागदात गुंडाळून दिली होती! घरात ठेवली तर आई भंगारात देईल, आणि अक्का कधीच काही टाकत नाही, म्हणून. तुला काय आहे ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाले सांभाळ, आणि तू एकतीस वर्षं सांभाळलीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे काखसुद्धा तुझीच. गेल्या वर्षी मी तुझ्याकडे चार दिवस राहिले तेव्हा रोज सकाळी मीही तिच्यावर पातेलं ठेवलं. (दुधाच्या पातेल्याने पोलादाचं पाणी उतरत नाही, असं होईलकाका म्हणतात. या चाकाने काम होईल का विचारल्यावर ते पुन्हा ‘होईल’ म्हणाले.)

ता. क. २. आता वहीबद्दल. ही गाडीची वही आहे. बाबा तिच्यात वर्ष लिहीत नाहीत, नुसता वार लिहितात, त्यामुळे एकतीस वर्षांपूर्वीचा गुरुवार आणि सात वर्षांपूर्वीचा गुरुवार तिच्यात सारखेच दिसतात. पहिल्या आठ पानांवर टायर, साखळी, तेल, आणि सगळीकडे ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या लाल शाईत. तो हात मला झोपेतही ओळखू येईल. नवव्या पानावर बाबांनी लिहिलंय: ‘गुरुवार. अक्का आज परत मध्येच सटकली. फार कूरकूरते. म्हातारी झाली. अक्का बदलायला हवी.’ तू तिथे ‘कुरकुरते’ केलंस. आणि शेवटच्या वाक्यात एक ‘ने’ घातलास, ‘हवी’ खोडून ‘हवे’ केलंस. ‘अक्काने बदलायला हवे.’ बाबा चाक बदलायचं म्हणत होते, आत्या, आणि तेही एकतीस वर्षांपूर्वी. तुला ते तुझ्याबद्दलचं, फक्त व्याकरण चुकलेलं वाटलं, आणि तू स्वतःविरुद्धचं वाक्यसुद्धा शुद्ध करून ठेवलंस. सात वर्षांपूर्वी ही वही तुझ्या हाती लागली त्या गुरुवारी तू शेजाऱ्यांच्या वाढदिवसातून खरोखरच मध्येच उठून आली होतीस, मला आठवतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने गेलीस ती गेलीस. नवव्या पानापुढे लाल शाई नाही. फोनवर गुडघ्यांना लावून तू जे शब्द म्हणतेस ते कुठून आले, हे मला आत्ता कळलं.

तू ते पान उलटलं नाहीस. मागच्या बाजूला आहे ते मी जसंच्या तसं उतरवते, चुकांसकट: ‘शूक्रवार. वीचार केला. अक्का बदलणार नाही. चढ आला की आई रडते, साहेब मरतो, अक्काच वर नेते. लहानपणापासून तेच. कूरकूरली तरी चालेल, आहे तीच राहील. नवी अक्का अक्काकडे ठेवली.’

पानाच्या या दोन्ही बाजू मी बाबांसमोर धरल्या. त्यांनी लाल ‘ने’वर बोट ठेवलं. म्हणाले, सात वर्षं हिने मला विचारलं नाही, आणि सात वर्षं मीही हिला नाही. मग वही मिटून मांडीवर धरून बसले.

ता. क. ३. चाक पार्सलने पाठवू नकोस. डब्यांच्या बाबतीत माझा लौकिक तू वर वाचलाच आहेस, ते एखाद्याच्या तोंडात जाऊन बसेल. शनिवारी सकाळी मी बसने तुला न्यायला येते. पिशवीत तूच घाल, आणि चाकासोबत तूही ये. परतीला गाडीने सोडू. मी चालवीन, तू मागे बस, बाबा मागाहून बसने येतील. तुझ्याकडे ते पहिल्यांदाच बसने येणार. याला ते तयार आहेत, यावरून काय ते समज.

ता. क. ४. पाकीट बंद करत होते, तेवढ्यात बाबांनी कागद ओढून घेतला. एक ओळ लिहायला त्यांना अर्धा तास लागला. चुका मी पाहिल्या आहेत. हात लावलेला नाही. येताना लाल पेन घेऊन ये.

अक्का, तूझ्यावीना चढ चढत नाही. ये.